फडातली लावणी आणि तबकडीवरची लावणी

पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ हा बोलपट लागला, तो सुमारे अडीच वर्षे तेथून हलला नाही. दिग्दर्शन अनंत माने यांचे, गीते ग. दि. माडगूळकरांची, चाली वसंत पवारांच्या आणि तमाशातल्या स्त्रीची प्रमुख भूमिका हंसा वाडकरांची. ज्या घरांतील माणसांनी तमाशाच्या कनातीकडे कधी पाऊल वळविले नव्हते, ज्या घरांत ‘तमाशा’ हा शब्द मुलांदेखत उच्चारावयाचीही चोरी होती, त्या घरांतील आया-बहिणी हा बोलपट पाहून आल्या आणि त्यातल्या लावण्या स्वयंपाकघरात गुणगुणू लागल्या. त्याच दिवसांत, त्याच पुणे शहरात, आर्यभूषण थिएटरात संगीत बारीचे खेळ होत होते, आणि नारायणगावचे फड आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगावच्या जत्रा गाठीत होते. लावणी दोन्हीकडे होती. ढोलकीही दोन्हीकडे होती. पण विजयानंदात जाणाऱ्या कुटुंबाला आर्यभूषणाच्या दाराशी उभे राहणेदेखील मानवले नसते.

हा भेद कोठून आला, असे विचारले म्हणजे ठरलेले उत्तर मिळते. जुनी लावणी ही मातीतून आपसूक उगवलेली, निर्मळ, लोकांची. नवी लावणी ही बाजाराने घडविलेली, पैशासाठी गायिलेली. हे उत्तर ऐकावयास गोड आहे. इतिहास मात्र त्याला फारसा दुजोरा देत नाही.

लावणीला पैसा काही बोलपटाने शिकविला नाही. उत्तर पेशवाईत ती भरास आली, तीच मुळी आश्रयदात्यांच्या जोरावर. रामजोशी सोलापूरचा, वेदशास्त्रसंपन्न घरातला हा मुलगा तमासगिरांच्या संगतीत रमला आणि त्याने विद्वत्तेला ढोलकीच्या ठेक्यावर उभे केले. अनंत फंदी संगमनेरचा. अहिल्याबाई होळकरांच्या एका कानपिचकीने त्याने तमाशा सोडला, अशी आख्यायिका आहे. होनाजी आणि बाळा यांची जोडी तर दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातच गाजली. होनाजीने रचावे आणि बाळा कारंजकराने गावे, असा त्यांचा संसार. ढोलकी-तुणतुण्यावरची लावणी पेशव्याला पुरेशी शिष्ट वाटेना, म्हणून होनाजीने तिला रागदारीचा पोशाख चढविला व तबल्याच्या साथीला बसविले, असे सांगतात. ही हकीकत खरी मानली, तर आज जिला ‘अस्सल’ म्हणून गौरविले जाते ती बैठकीची लावणी हीच एका गिऱ्हाइकाच्या आवडीतून घडलेली ठरते. मात्र ते गिऱ्हाईक शनिवारवाड्यात राहात होते, म्हणून त्याला रसिक म्हणावयाचे!

राज्य गेले, तेव्हा शाहिरांचे आश्रयदातेही गेले. मग लावणीने गावचा पार धरला, जत्रा धरली, आणि थोड्याच काळात मुंबई धरली. उमा-बाबू सावळजकरांनी १८६५ च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ हा वग उभा केला, तेव्हापासून तमाशाला नाट्याचे अंग फुटले असे मानतात. गिरण्यांत खपणारा देशावरचा आणि कोकणातला माणूस दिवसभराच्या भोंग्यांनंतर आपल्या गावचा आवाज शोधीत होता. त्याच्यासाठी मुंबईत तमाशाची थिएटरे उभी राहिली, तिकिटे लागली, ठेकेदार आले. वाळव्याकडच्या रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी (१८६६–१९४५) कुळकर्णीपण आणि सोवळे दोन्ही टाकून फडात उतरले व पठ्ठे बापूराव झाले. हिवरगावची पवळा ही महार समाजातली विलक्षण गळ्याची व रूपाची स्त्री त्यांच्या फडात उभी राहिली. तोवर बायकांच्या भूमिका नाच्या पोराने करावयाच्या, हा रिवाज होता. पवळेने तो मोडला. बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाला मुंबईत लोटणारी गर्दी ही रोख तिकीट काढून येणारी गर्दी होती. बाजार म्हणावयाचा तर तो येथे पुरता भरला होता. आणि तरीही या लावणीला कोणी उसनी म्हणत नाही.

तेव्हा भेद पैशात नसून अन्यत्र शोधला पाहिजे. त्यासाठी फडातली लावणी कशी गायिली जाते, हे जरा सावकाश पाहणे अवश्य आहे.

ढोलकीफडाच्या तमाशाला एक क्रम असतो. प्रथम गण, मग गवळण, त्यांत मावशी आणि पेंद्याची थट्टा, मग बतावणी, रंगबाजी आणि उत्तररात्री वग. लावणी यांत ठिकठिकाणी येते. पुढे नाचणारी स्त्री. मागे ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे आणि झांज धरलेले सुरत्ये. मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकली की सुरत्ये ती वरच्या पट्टीत उचलतात आणि ‘जी जी रं जी’ अशी झील धरतात. त्या झिलीच्या टोकाला ढोलकीचा तोडा येतो, तोड्यावर पावले पडतात, आणि समेवर ती स्त्री अशी काही थबकते की बसलेल्या माणसाचाही श्वास थबकावा. लावणीचे चौक चार असोत की पाच, ते किती वेळात संपवावयाचे हे कोणी आधी ठरविलेले नसते. प्रेक्षकांत जाणती माणसे असली तर एकाच ओळीवर पाव घटका जाते. नसली तर चौकामागून चौक गडगडत निघून जातात. ढोलकीवाल्याचा डोळा नाचणारणीच्या पायांवर असतो आणि तिचा डोळा प्रेक्षकांवर. हे तिघे मिळून लावणी तयार करतात. कवीने रचलेली ओळ हा फक्त कच्चा माल.

बैठकीच्या लावणीत तर हे अधिकच सूक्ष्म होते. येथे गाणारी पुष्कळदा बसूनच गाते. पायांचे काम थांबले, की सगळा भार गळ्यावर, डोळ्यांवर आणि पदराच्या एका टोकावर येतो. एकच ओळ घ्यावयाची; ती एकदा रुसून म्हणावयाची, एकदा आर्जवाने, एकदा उपहासाने, एकदा जणू स्वतःशीच. शब्द तेच, अर्थ मात्र दर फेरीला निराळा. याला ‘अदा’ म्हणतात. ठुमरीतल्या बोल-बनावाशी तिचे नाते उघड आहे, आणि पिलू, खमाज, भैरवी यांच्या छाया तिच्यावर पडलेल्या असतात. बालेघाटी लावणीतला विरह हा तर अशा संथ, रेंगाळत्या गायकीवाचून उभाच राहात नाही. छक्कड मात्र चटकदार. तिला सावकाशी मानवत नाही.

यात आणखी एक घटक होता, आणि त्याविषयी बोलताना जुन्या काळाचे गोडवे गाणारे लोक चाचरतात. तो म्हणजे दौलतजादा. प्रेक्षकाने पैसे पुढे करावयाचे, नर्तिकेने ते घ्यावयाचे, देणाऱ्याचे नाव पुकारावयाचे आणि त्याने मागितलेली ओळ पुन्हा म्हणावयाची. दाद देण्याची ती एक रीत होती, हे खरे. पण पैसे देणारा हात पुष्कळदा पैसे देऊन थांबत नसे, हेही तितकेच खरे. या स्त्रिया कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतून आलेल्या. त्यांच्या कलेवर गाव लुब्ध असे आणि त्यांच्या सावलीचा विटाळ मानी. फडातल्या लावणीचे जिवंतपण आणि तिच्यातली ही लाचारी एकाच बैठकीत नांदत होती. पुढे यंत्राने जेव्हा गाणारी आणि ऐकणारा यांच्यात भिंत घातली, तेव्हा अदेची देवघेव गेली आणि त्या हाताचा त्रासही गेला. दोन्ही गोष्टींची नोंद घेणे न्यायाचे होईल.

हे यंत्र हिंदुस्थानात आले १९०२ मध्ये. त्या साली ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यास गौहरजान प्रभृतींचे गाणे तबकडीवर उतरविले. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर गाणे मावे ते साधारण तीन मिनिटांचे. ख्यालगायकांना या तीन मिनिटांनी जेरीस आणलेच. पण त्यांच्या मैफली स्वतंत्रपणे चालू राहिल्या, आणि तबकडी ही केवळ वानगी आहे हे श्रोते ओळखून होते. लावणीच्या बाबतीत तसे घडले नाही. शहरी, सुशिक्षित श्रोत्याने मूळ फड कधी पाहिलाच नव्हता. त्याला तबकडी हीच लावणी झाली. तीन मिनिटांत पालुपद आणि दोन अंतरे बसत. चार चौक बसत नसत. ओळीच्या पुनरावृत्त्या हा वेळेचा अपव्यय ठरला. झील आखूड झाली. ढोलकीचा तोडा अंगुळभर उरला. मुख्य म्हणजे, गाणारीच्या समोर कोणी बसलेले नव्हते. होता तो ध्वनिग्राहक, आणि तो माना डोलवीत नाही.

मग बोलपट आला. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ‘अमर भूपाळी’ (१९५१), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘पिंजरा’ (१९७२) ही त्या वाटेवरची ठळक गावे. या कामाला हलके लेखणे कृतघ्नपणाचे होईल. माडगूळकरांच्या कानात माणदेशाची बोली होती; वसंत देसाई, वसंत पवार आणि राम कदम यांना ढोलकीचे मर्म ठाऊक होते; जगदीश खेबुडकरांच्या शब्दांत जुन्या शाहिरांची ठसक उतरली होती. मराठी घरात लावणीला मानाने प्रवेश मिळाला तो या मंडळींमुळे. परंतु प्रवेश देताना घराने अटी घातल्या. पालुपद चटकन तोंडात बसेल असे हवे. दोन अंतऱ्यांमधली जागा सारंगी-व्हायोलिनच्या ताफ्याने आधीच आखून ठेवलेली हवी. गळा एकीचा, देह दुसरीचा. त्यामुळे अदा दोघींत वाटली गेली आणि दोघींच्याही हाती अर्धीच उरली. होनाजीचे नशीब तर पाहावे! त्याच्यावर आख्खा बोलपट निघाला, आणि शेकडो शृंगारिक लावण्या रचणारा हा माणूस घराघरांत लक्षात राहिला तो पहाटेच्या एका भूपाळीचा कवी म्हणून.

सरकारचा हातही या घडामोडींत होता. स्वातंत्र्याच्या प्रारंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली. तमासगिरांच्या पोटावर पाय आला, त्यांनी दाद मागितली, आणि मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशाच्या सुधारणेचा विचार करण्यास समिती नेमण्यात आली. बंदी उठली, पण वगांची संहिता आधी लिहून सादर करावी आणि ती संमत करून घ्यावी, हा नियम मागे उरला. ज्या खेळात बतावणी तोंडावर सुचते, ज्यात सोंगाड्या कालच्या बाजारातली भानगड आज रात्री रंगमंचावर आणतो, त्याला लिहिलेला कागद दाखविण्यास सांगणे म्हणजे नदीला पाट काढून दाखविण्यास सांगणे होय. याच काळात तमाशाने ‘लोकनाट्य’ हे सभ्य नाव घेतले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने त्याच साच्यात कामगारांचे प्रश्न ओतले, आणि अण्णाभाऊंनी छक्कडीच्या बांधणीत मुंबईचा विरह गायिला. ही बाजाराची लावणी नव्हती आणि जुनी लावणीही नव्हती. ती लोकांत मात्र झणझणीत उतरली, याचे कारण ऐकणारा पुन्हा समोर बसलेला होता.

आकाशवाणीनेही लावणीला एक नवे घर दिले, आणि त्या घरालाही दारे-खिडक्या ठरलेल्या मापाच्याच होत्या. १९४० ते १९७१ पर्यंत हार्मोनियमला नभोवाणीवर मज्जाव होता. संगीत बारीची तर सारी मदार पेटीवर. पन्नाशीच्या दशकात नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांनी सिनेसंगीताला दूर ठेवले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यावर उतारा म्हणून ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली. या साऱ्या गडबडीत ‘लोकसंगीत’ नावाचे एक सदर रूढ झाले. ओवी, भारूड, गोंधळ, पोवाडा, कोळीगीत आणि लावणी ही परस्परांशी फारसा घरोबा नसलेली भावंडे एका छपराखाली आली आणि प्रत्येकीला घड्याळाच्या काट्याने वेळ वाटून मिळाला. त्यात नुकसान झाले. पण ग्रामीण कलावंताला नाव, ठराविक मानधन आणि दौलतजादा न करणारा श्रोता मिळाला, हेही तेथेच घडले.

अशी उलथापालथ केवळ महाराष्ट्रात झाली असे नाही. अमेरिकेतील ज्या ग्रामीण गीतांना तिकडे ‘कंट्री’ म्हणतात, त्यांचा व्यापारी जन्म १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसीतील ब्रिस्टल गावी झाला, असे मानण्याची रीत आहे. व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर या गृहस्थाने तेथे डोंगराळ मुलखातल्या गायकांचे गाणे उतरवून घेतले. त्यांत जिमी रॉजर्स होते आणि कार्टर कुटुंब होते. म्हणजे आज ज्याला जुने, निर्भेळ म्हटले जाते तेच मुळी तबकडी विकण्यासाठी गायिले गेले. ए. पी. कार्टर पुढे डोंगरांत हिंडून जुनी गाणी गोळा करीत आणि आपल्या नावे नोंदवीत. चाली ध्यानात ठेवण्यासाठी त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. तबकड्यांवर त्याचे नाव आले नाही. १९५० नंतरच्या वर्षांत नॅशव्हिल शहरी चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांनी या गाण्यातले गावठी फिडल बाजूला केले व त्या जागी तंतुवाद्यांचा मऊ ताफा आणि पाठीमागे गोड समूहस्वर बसविला. शहरी श्रोता खूश झाला. जुना श्रोता ‘हे आमचे नव्हे’ म्हणून रुसला. फिडलच्या जागी तुणतुणे घातले की ही हकीकत मराठीच वाटू लागते.

रिडलचे नाव गळाले ही गोष्ट मराठीतही अपरिचित नाही. फडातल्या चालीला मालक नसे. ती एका ढोलकीवाल्याकडून दुसऱ्याकडे, एका आईकडून मुलीकडे जाई. बोलपटाच्या श्रेयनामावलीत मात्र प्रत्येक चालीपुढे कोणाचे तरी एकच नाव घालावे लागते. ते नाव फडातल्या माणसाचे क्वचितच असे. गाणे वाजेल तितक्या वेळा ज्याला मानधन मिळावयाचे तो एक, आणि ज्यांच्या पिढ्यांनी तो ठेका घासून गुळगुळीत केला ते दुसरे.

ही विषमता विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या आयुष्यात उघडी दिसते. भाऊ-बापूंच्या प्रसिद्ध फडातली ही मुलगी, जन्म १९३५ चा. तिला १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. चीनच्या आक्रमणाच्या वेळी तिने सीमेवरच्या जवानांपुढे खेळ केले. दिवस भरलेले असताना ती फडावर उभी राहिली, मध्येच कनातीआड प्रसूत झाली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आली, ही तिची कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. आणि २००२ च्या जानेवारीत ती गेली तेव्हा आजारपणाचा खर्च भागविणेही घराला जड झाले होते. तिच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो ती गेल्यावर, २००६ मध्ये. हे ऐकून हळहळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिची लावणी ऐकलेली नसते. त्यांच्या कानांत असतात त्या बोलपटातल्या लावण्या.

बोलपटातल्या लावण्यांनाही त्यांच्या मानकरणी आहेत, हे विसरून चालत नाही. सुलोचना चव्हाण यांनी ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) पासून लावणीला जो ठसका दिला, तो यंत्राच्या भिंतीतून आरपार जाणारा होता. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले. त्या कार्यक्रमास उभ्या राहात त्या डोक्यावरून पदर घेऊन, हातवारे न करता. देहाने द्यावयाची अदा त्यांनी शब्दाच्या उच्चारात आणली. ध्वनिग्राहकासमोर लावणी मरतेच असे नाही, याचा त्यांच्याइतका बळकट पुरावा दुसरा नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

खरी गंमत, किंवा खरे दुःख, पुढेच आहे. बोलपटाने फडाची नक्कल केली होती. आता फड बोलपटाची नक्कल करू लागला. जत्रेतला तरुण प्रेक्षक विजयानंदातून किंवा तालुक्याच्या तंबू-टॉकीजातून येत होता, आणि ऐकलेली लावणी जशीच्या तशी मागत होता. ‘जशीच्या तशी’ ही मागणीच फडाला नवी होती. चार चौकांची लावणी येणारी बाई मग तीन मिनिटांची लावणी बसवू लागली, तीही व्हायोलिनच्या जागा पेटीवर काढून. रंगबाजीचा भाग वाढला आणि त्यात हिंदी-मराठी सिनेगीते शिरली, वग आखडला. पुढे ध्वनिफिती स्वस्त झाल्या, तेव्हा ढोलकीवाल्याचीही गरज उणी झाली. तिकडे मुंबईत १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावचा कणा मोडला. लालबागच्या हनुमान थिएटरात रात्री जागवणारा प्रेक्षक गावी परतला, तो पुन्हा आला नाही. काही वर्षांनी ते थिएटरही बंद पडले. तबकडीने फड मारला, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. गाणे टिकते ते ऐकणाऱ्याच्या फुरसतीवर आणि त्याच्या खिशातल्या चार पैशांवर; ती दोन्ही गेली.

यातूनही बैठकीची लावणी अगदीच नाहीशी झाली नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या डोंबारी-कोल्हाटी समाजातल्या. बालपण आईबरोबर रस्त्यावर खेळ करण्यात गेले. मग संगीत बारी, मग मुंबईतली थिएटरे, मग विस्मरण. पुढे शहरी अभ्यासकांना त्यांचा शोध लागला, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ मध्ये आणि पद्मश्री २०१२ मध्ये मिळाली. वार्धक्यातही त्या बसून एका ओळीची अदा दाखवीत, तेव्हा तीन मिनिटांच्या हिशेबात काय काय गळाले होते ते समोर दिसे. अकलूजला १९९३ पासून लावणीच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरू लागल्या, आणि स्त्रिया मोकळेपणाने लावणीच्या प्रेक्षकांत येऊन बसल्या. यात एक विनोदही दडलेला आहे. स्पर्धा म्हटली की वेळ नेमून द्यावी लागते; अस्सल लावणी जपावयाची तर तीही घड्याळ लावून.

कर्नाटकातही लावणी आहे. कलगी-तुऱ्याचा झगडा तेथे हरदेशी-नागेशी या नावांनी चालतो, आणि नव्या-जुन्याचा वादही तेथे सुटलेला नाही. ‘कोलुमंडे’ हे मलय महदेश्वराच्या कथागीतातले जुने पद. बंगळूरच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीने २०२० साली ते नव्या तऱ्हेच्या चलच्चित्रासह बाजारात आणले. कथेतल्या शरणी संकम्मेचे त्यातले रूप पाहून भक्त खवळले आणि ते चित्र मागे घ्यावे लागले. कंसाळे वाजवीत रात्रभर ही कथा सांगणारे देवरगुड्ड मलय महदेश्वराच्या डोंगरावर पूर्वीपासून आहेत. त्यांना या भांडणात फारसे कोणी विचारले नाही.

इकडे १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ प्रदर्शित झाला. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा हा शेतमजूर फड उभारतो आणि नाच्या होतो, त्याची ही गोष्ट. अजय-अतुल यांनी दिलेल्या ढोलकीच्या दणक्याने लावणी पुन्हा एकदा महाराष्ट्रभर घुमली. शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून परदेशातल्या मराठी मंडळांपर्यंत मुली नऊवारी नेसून तिच्यावर नाचू लागल्या. संकोच गेला, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र या नाचाला ना सुरत्ये लागतात ना ढोलकीवाला. ध्वनिक्षेपकाची कळ दाबली की लावणी सुरू होते, आणि कोणी कितीही ‘वाहवा’ म्हटले तरी ती ठरल्या क्षणी संपते.

नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, चहा होतो, भाव ठरतो, सुपारी दिली जाते. चैत्र-वैशाखाच्या जत्रांचे सारे पोट या चार दिवसांवर असते. पूर्वी पंच विचारीत, ‘वग कोणता?’ आता बहुधा विचारतात, ‘पोरी किती? गाणी कोणती?’ तरीही हा सौदा माणूस माणसाशी करतो. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि त्याच दिवशी करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षी जत्रा भरल्या नाहीत, पुढच्या वर्षीही धड भरल्या नाहीत. फडांच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, ढोलकीची शाई वाळली, आणि कोणी भाजी विकू लागले, कोणी मजुरीला गेले. त्याच महिन्यांत घराघरांतल्या भ्रमणध्वनींवर लावण्या मात्र पूर्वीइतक्याच वाजत होत्या.